चौथ्या पाण्याची मुदत

जिल्हा कोर्टाच्या खिडकीसमोर माझ्यापुढं बन्सीभाऊ, त्यांची बायको सरूबाई आणि त्यांचे वकील उभे होते. राहत्या प्लॉटचा दावा नवरा-बायको महिन्याभरापूर्वी खालच्या कोर्टात हरले होते.

“बन्सीभाऊ, अपिलाची महिन्याची मुदत परवाच संपली की हो!”

“अशी कशी संपंल? चौथं पाणी कुठं आलंय अजून?”

“कसलं पाणी?”

“नळाचं, वकीलसाहेब. आठवड्याला येतंय. चारदा आलं की महिना, असं हिनं धरलं.”

“मला काय ठावं, औंदा नळ बारा-बारा दिस रुसंल!”

“आता उशीर माफ करावा म्हणून अर्ज द्यावा लागेल. कारण काय लिहू?”

“हेच लिवा की, नळ रुसला म्हून.”

“मावशी, हे न्यायाधीशांना पटेल का?”

“ते कोणत्या कॉलनीत ऱ्हातेत, तेवढं आधी इचारा.”