पेडल थरथरले नाही

जबाब देणार : स्त्री, वय ३८ वर्षे, धंदा नोकरी (वाहनांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आराखडा विभागात अभियंता), राहणार ओतशाळेमागची गल्ली, दुसरा मजला, सोबत आई.

मी आज दुपारी दोन वाजता आपणहून ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी आईसह राहते आणि सदर कारखान्यात चौदा वर्षांपासून नोकरीस आहे. कारखाना डोंगरावर आहे. तिथून गावापर्यंत अकरा किलोमीटरचा उतार आहे. कामगारांना ने-आण करणारी बस कारखान्याच्या मालकीची असून तिचे चालक, वय ५७, बावीस वर्षांपासून तिथेच आहेत. बसच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते आमच्या विभागाच्या चाचणीच्या गाड्या चालवतात. मी त्यांना काका म्हणते. बाकी सगळे त्यांना 'पायाळू' म्हणतात, कारण यंत्राला जे उशिरा कळते ते त्यांच्या पायाला आधी कळते.

बसला कोणते ब्रेक होते असे विचारल्यावरून सांगते की, चारही चाकांना मी आराखडा केलेल्या डिस्क होत्या. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी ओतीव लोखंडाची जाड चकती. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. घासून ती तापते आणि तापली की फुगते. जुन्या पद्धतीत ती मधल्या भागाशी एकसंध असते, त्यामुळे तिला फुगायला मोकळीक मिळत नाही आणि ती पातळ झाकणासारखी एका बाजूला वाकते. मग पेडल थरथरते आणि ब्रेक हवा तेव्हा, हवा तेवढा लागत नाही. आमच्या डिस्कमध्ये बाहेरचे कडे वेगळे आणि मधला भाग वेगळा आहे. दोन्ही पिनांनी जोडले आहेत आणि पिनांना सरकायला जागा ठेवली आहे. कडे चारही बाजूंनी फुगते, पण वाकत नाही.

या कामाला साडेतीन वर्षे लागली. पहिले सोळा नमुने वाकले. त्या काळात जेवणाच्या सुट्टीत आमच्या विभागाला 'वाकडे खाते' म्हणत. मी घरी गेले की आई पाण्याचा ग्लास पुढे करून विचारायची, "आज सरळ का वाकडी?"

अकराव्या नमुन्याच्या वेळी काका म्हणाले, "ताई, ही उतारावर वाकत नाही. खाली आल्यावर, उभी असताना वाकतेय. परत निघालो की पायाला लागतं." आमच्या मोजमापात तसे काही दिसत नव्हते. मी त्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, "मग थोडं थांबून माप परत घ्या. मी चहा पिऊन येतो." गाडी निवल्यावर माप घेतले. ते सांगत होते तेच खरे निघाले. ओतताना लोखंडात जो ताण राहतो तो निवताना मोकळा होत होता. त्यानंतर आम्ही ओतलेली कडी परत भट्टीत घालून दीड दिवस सावकाश निववली आणि मगच लेथवर चढवली. निववण्याचा वेळ जुळेपर्यंत आणखी पाच नमुने वाकले. सतरावा नमुना वाकला नाही. आराखड्यावर सही माझी आहे. त्यातला निम्मा आराखडा काकांच्या उजव्या पायाचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

यंत्रावरच्या आणि वाळूची पोती भरून केलेल्या सर्व चाचण्या पार पडल्यावर, विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीने चार महिन्यांपूर्वी या डिस्क बसला लावल्या. परवानगीची प्रत सोबत दिली आहे. लावल्या दिवसापासून मी रोज त्याच बसने, चालकाच्या मागच्या बाकावर बसून येते-जाते.

काल संध्याकाळी पाच चाळीसला बस कारखान्यातून सुटली. मी धरून सेहेचाळीस प्रवासी होते. पहिल्या वळणापासून पुढे खडी भरलेला ट्रक होता. तो वाट देत नसल्याने काकांना नऊ किलोमीटर सतत ब्रेक लावावा लागला. शेवटच्या उतारावर ट्रक बाजूला झाला. काकांनी गिअर बदलायला दांडा ओढला तेव्हा तो हातात सैल आला. काका एवढेच म्हणाले, "ताई, धरून बसा. गिअर गेला." इंजिनचा आधार सुटल्यामुळे बसने वेग घेतला. पुढे सव्वाशे मीटरवर पुलाच्या तोंडाशी वाहनांची रांग उभी होती. रांगेत सर्वात मागे मोटारसायकलवर नवरा-बायको होते.

काकांनी हँडब्रेकला हात लावला नाही. लावला असता तर मागची चाके जाम होऊन गाडी आडवी गेली असती. त्यांनी पायाने ब्रेक दाबला आणि दाबूनच ठेवला. चाकांतून धूर निघाला, जळका वास आला आणि मागून कोणीतरी "ब्रेक गेले" म्हणून ओरडले. ते ऐकून भांडारातील लिपिकांनी मागच्या दारातून उडी मारली. त्यांचे मनगट मोडले, त्याचे मला वाईट वाटते. बस मोटारसायकलच्या मागे दोन हातांवर थांबली. मोटारसायकलवरच्या बाईंनी तेव्हा मागे वळून पाहिले.

लोकांनी काकांना खाली ओढले. एकाने त्यांच्या कानाखाली मारली. तो कोण हे मला माहीत आहे, परंतु त्याचे नाव मला सांगायचे नाही. काका पुढच्या चाकाजवळ जाऊन उकिडवे बसले. मी शेजारी गेले तेव्हा मला म्हणाले, "ताई, पाय एकदाही थरथरला नाही." त्यानंतर आपले कर्मचारी त्यांना ठाण्यात घेऊन आले.

लिपिकांच्या भावाने दिलेल्या तक्रारीत, चालकाने ब्रेक न लावता बेफिकीरपणे बस हाकली असे लिहिले आहे. ते खरे नाही. तापमान कळावे म्हणून आम्ही डिस्कच्या कडेला तीन रंगीत पट्टे लावतो. सहाशे साठ अंशांच्या वर तिसरा पट्टा पांढरा पडतो. आज सकाळी ठाण्याच्या आवारात वाहन निरीक्षक आणि दोन पंचांसमक्ष चाके काढली तेव्हा चारही डिस्कचे तिन्ही पट्टे पांढरे होते. ब्रेक न लावता ते तसे होत नाहीत. निरीक्षकांनी डायल गेज, म्हणजे वाकडेपणा मोजणारे सुईचे यंत्र, लावून प्रत्येक डिस्क हाताने फिरवली. सर्वात जास्त वाकडेपणा पाच शतांश मिलिमीटर आला. कागदाची जाडी याहून जास्त असते. निरीक्षकांनी चष्मा पुसून तीच डिस्क परत तीनदा फिरवली आणि म्हणाले, "ही तापली होती हे कोणाला खरं वाटेल?" मी म्हणाले, "रंग बघा आणि सुई बघा." त्यांनी दोन्ही लिहून घेतले.

गिअरच्या दांड्याखालची झिजून तुटलेली पिन निरीक्षकांनी ताब्यात घेतली आहे. दांडा सैल असल्याबद्दल काकांनी तीन दिवस आधी दुरुस्तीच्या वहीत लिहिले होते. त्या पानाचा फोटो मी देत आहे.

कारखान्याकडून काही सांगण्यात आले का असे विचारल्यावरून सांगते की, आज सकाळी नऊ वाजता व्यवस्थापकांचा फोन आला. ते म्हणाले, "डिस्कचं आणि वहीचं नाव काढू नका. चालकाची चूक झाली म्हणा. तसंही ते तीन महिन्यांत निवृत्त होणार आहेत." मी म्हणाले, "साहेब, ते चुकले असते तर मी तुमच्याशी बोलायला उरले नसते." त्यावर ते म्हणाले, "मग पुढे तुमचं तुम्ही बघा." मी बघेन. आईला सांगून आले आहे. ती म्हणाली, "खरं तेच सांग आणि मान वर करून सांग."

निरीक्षकांचा अहवाल आल्यावर ठाण्यातील साहेबांनी काकांना काल जमा करून घेतलेला परवाना परत दिला आणि घरी जायला सांगितले, हे मी पाहिले. ते अजून गेलेले नाहीत. माझा जबाब होईपर्यंत थांबतो म्हणून बाहेर बाकावर बसले आहेत.

हा जबाब अंमलदारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त दुसऱ्या पानावर 'बस सुदैवाने थांबली' असे लिहिले गेले होते. त्यातला 'सुदैवाने' हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला असून खोडलेल्या जागी माझी सही आहे.