दिवा मीच लावला होता

आदरणीय अध्यक्ष, वेधशाळेचे संचालकसाहेब, मंचावरचे सर्व मान्यवर, कार्यशाळेतले माझे सोबती आणि पहिल्या रांगेत बसून ‘कागद बघून बोला’ अशी खूण करणारी माझी बायको,

जे आठ दिवसांपूर्वी बोलायला हवं होतं ते आज माझ्या निरोपसमारंभात बोलतोय, म्हणून आधी माफी मागतो. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. एकतीस वर्षं घुमट उघडला, बंद केला, दुर्बिणीला वंगण दिलं. साहेब आत्ता म्हणाले, काकांच्या हातून कधी चूक झाली नाही. साहेब, झाली. आणि आज सकाळीच मी ती तुम्हाला सांगितली.

मंडळी, शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटल्याची बातमी आली, ती संध्याकाळ आठवते ना? शेजारच्या म्हणजे, प्रकाशाला यायला दोन कोटी वर्षं लागली. पण तुम्हा शास्त्रज्ञांच्या लेखी शेजारच! साहेब ढग बघून घरी गेले. आमच्या धाकट्या शास्त्रज्ञ बाई मात्र हटून बसल्या. “काका, फट पडेल. घुमट उघडा तुम्ही.” पडली. वीस मिनिटं. तेवढ्यात त्यांनी ताऱ्याचा वर्णपट घेतला, म्हणजे त्याच्या प्रकाशातले रंग आणि रेघा टिपल्या. असा तारा रोज बदलतो. पहिल्या दिवशीचा वर्णपट दुसऱ्या दिवशी मागून मिळत नाही.

आता दिव्याचं सांगतो. ताऱ्याबरोबर यंत्रातल्या दिव्याचाही वर्णपट घ्यावा लागतो. दिव्याच्या रेघा कुठल्या ते ठाऊक असतं, त्यांच्यावरून ताऱ्याच्या रेघा मोजतात. गजाशिवाय कापड कसं मोजणार? साहेबांनी दुसऱ्या दिवशी शोधलं, दिव्याचा वर्णपट सापडला नाही. “बाई घाईत विसरल्या,” म्हणाले आणि त्यांचं काम बाजूला सारलं. बाई सांगत राहिल्या, “घेतला होता, सर.” कोणी ऐकलं? मीही गप्प. दिवा लावायचं काम माझं; वाटलं, बटण माझ्याच हातून दाबायचं राहिलं असेल. निवृत्तीच्या तोंडावर ठपका नको.

आज कामाचा ताबा देताना दिसलं. दिवा आहे! रोज संध्याकाळी यंत्र तपासताना मी दिव्याचा वर्णपट ‘चाचणी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. त्या दिवशीचाही सवयीनं तिथंच गेला. वेळ नोंदलेली आहे, ताऱ्याच्या आधी चार मिनिटं.

धावत साहेबांकडे गेलो. काय म्हणाले? “काका, आज तुमचा दिवस. कशाला विषय काढता? ताऱ्याचा अहवाल तयार झालाय.” तयार झालाय! म्हणजे साहेबांनी तिसऱ्या दिवशी घेतलेला वर्णपट आमचा पहिला म्हणून जाणार, आणि बाईंनी शेवटच्या रांगेत बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवायच्या? विसराळू ठरून? बायको डोळे वटारतेय. वटारू दे. आठ दिवस घाबरलो तेवढं पुरे झालं.

साहेब, अहवाल सहाला जातो. पाच वाजून दहा झालेत. चहा थांबेल. कुणीतरी वर जा, ‘चाचणी’ उघडा.

इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर म्हातारा म्हणून पोटात घाला. दिव्याची चूक मात्र पोटात घालू नका, ती माझ्या नावावर लिहा. बाईंचं नाव अहवालात गेलं की नाही, ते मला लवकर कळवा. मी खाली फाटकापाशी बसून राहतो. कळल्याशिवाय घरी जाणार नाही.