तेवढा एकदा हात लावा, काका

नाही हो, नाही, नाही, ते कुपन आधी लांब करा, मी हात लावणार नाही! शी! इथपर्यंत आलं का हे? सामान दिलं, शिक्का मारून घेतला, म्हटलं आता विमान लागेपर्यंत या खुर्चीत गप्प बसावं, तर तुम्ही दोघं नवरा-बायको समोर उभे, हातात त्या तिथं सोडतीला लावलेल्या मोटारीचं कुपन, आणि म्हणता काय, “रास अल खोरचे उल्हासकाका ना तुम्ही? तेवढा एकदा हात लावा, काका!” अबुधाबीहून आलात म्हणता? म्हणजे अबुधाबीपर्यंत गेली बातमी! नशीबवान म्हणे! मी आणि नशीबवान!

बसा. उभ्याने ऐकण्यासारखं नाही ते. तुम्हाला सांगतो, मी मुळात कमी बोलणारा माणूस. यार्डातल्या लोकांना बरेच दिवस वाटायचं की हा सुतार मुका आहे. पण आता तुम्ही विषय काढलाच आहे आणि विमानालाही उशीर आहे, तेव्हा ऐका, आणि ऐकून झाल्यावर ते कुपन गुपचूप खिशात घाला.

तर आमचे सतीशशेठ. रास अल खोरला त्यांचं यार्ड. परदेशातून जुन्या सामानाचे कंटेनर यायचे, वजनावर घेतलेले, आत काय निघेल ते निघेल. चालू सामान विकायचं, बंद सामान मोडायचं, आणि लांब पाठवायचं असेल त्याला लाकडी पेट्या करायच्या. त्या पेट्या करणारा मी. तरुणपणी आलो, केस काळे होते, आता बघा. कपाळावर आहेत ते केस नव्हेत, टोपीचा डाग आहे.

आणि मी निघालो होतो हो! कायमचा! शेठना सांगितलं होतं, “शेठ, आता मला कॅन्सल करा.” इथं असंच बोलतात, व्हिसा नाही, माणूसच कॅन्सल करतात. का? तर आमची नर्मदा. देवरूखला असते. तिला ऐकू येईनासं झालंय. आमचा सगळा संसार झाला तो फोनवर. आता मी इकडून फोनचं कार्ड घासून घासून नंबर लावतो, म्हणतो, “बरी आहेस ना?” तिकडून उत्तरच नाही. मग तीच आपली बोलत सुटते, गाय व्याली, कौलं बदलली, शेजारणीची सून परत आली, सगळं एका दमात, आणि शेवटी म्हणते, “मला काही ऐकू येत नाही हो, पण तुम्ही बोला. तुमचा फोन आहे म्हटल्यावर कानाला बरं वाटतं. तोंड दिसलं असतं तर ओठांवरून कळलं असतं.” आता सांगा, फोनवर ओठ कुठून दाखवू? म्हणून म्हटलं, खलास, आता समोर जाऊन बसायचं. शेठही म्हणाले, “जा काका, हा एक कंटेनर रिकामा करा आणि जा.” भला माणूस तसा.

त्या कंटेनरातून ते निघालं.

कपाटाएवढं उंच, पुढे टीव्हीसारखी काच, खाली बटणांची ओळ. मला वाटलं दवाखान्यातलं काहीतरी असेल. आमच्या यार्डात वेल्डिंग करणारा हमदुल्ला, खेडकडचा, पाच वेळचा नमाजी माणूस, त्याने लांबूनच ओळखलं. तो पूर्वी जहाजावर होता. म्हणाला, “तौबा, उल्हासभाय, ये तो कॅसिनोचं मशीन! पत्त्यांचा जुगार आहे हा, व्हिडिओ पोकर म्हणतात. हात नको लावू, वुजू मोडेल!” म्हटलं, नमाजाआधी हातपाय धुतोस तू, माझा कसला वुजू मोडतोय? पण किळस मलाही आली. आमच्या वाडीतला एकजण पत्त्यांपायी बायकोची भांडी विकून बसला होता, ते डोळ्यांसमोर आलं. बरं, त्यात पैसे टाकायची फटच नव्हती, तिथं पत्रा मारून बुजवलेलं. शेठ म्हणाले, “काका, उद्या हे मोडून टाका. असली चीज इथं ठेवायची नाही. फक्त काच लागते का बघून घ्या, चालू असली तर काढून विकू.”

काच लागते का बघा! एवढंच सांगितलं होतं हो! मी वायर लावली. पाच पत्ते आले. जो पत्ता ठेवायचा त्याखालचं बटण दाबायचं, बाकीचे बदलून मिळतात, एवढाच तो खेळ, हे मला मागाहून कळलं. मला काय, मी दाबलं लाल बटण, बंद करायला म्हणून! पाचही पत्ते बदलले, ओळीने आले, दहापासून एक्क्यापर्यंत सगळे बदामाचे, आणि त्या मशीनने जी वाजंत्री लावली... दिवे काय, तुताऱ्या काय! हमदुल्ला कानावर हात ठेवून बाहेर पळाला आणि शेठ आत पळत आले.

“काका! हे काय केलंत?”

“काही नाही शेठ, बंद करत होतो.”

“अहो, रॉयल फ्लश आहे हा! लोकांना जन्मात लागत नाही! परत दाबा!”

परत दाबलं. परत लागलं. चार राजे! तिसऱ्यांदा दाबलं, पुन्हा वाजंत्री! मला वाटलं बिघडलंय. शेठना काय वाटलं? शेठ मागे सरकले, मला नखशिखांत बघितलं, जसं काही कंटेनरातून मीच निघालोय, आणि म्हणाले, “काका, इतकी वर्षं तुम्ही माझ्याकडे पेट्या ठोकताय आणि मला पत्ताच नाही. तुम्ही नशीबवान आहात!”

नशीबवान म्हणे! अहो, ज्याने उन्हाळे पत्र्याखाली काढले, ज्याला स्वतःच्या मुलीचा चेहरा फोटोतून मोठा होताना दिसला, तो नशीबवान! का? तर काचेत चार राजे आले!

तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. त्याच आठवड्यात कपडे धुण्याच्या मशीनचा जुना माल उम्म अल कुवैनच्या एका व्यापाऱ्याने एकरकमी उचलला. कोणामुळे? काकांमुळे! उर्मिलावहिनी, शेठची बायको, शॉपिंग फेस्टिव्हलच्या कुपनांचा गठ्ठा घेऊन आल्या. “काका, तेवढा एकदा हात लावा.” लावला. एवढ्या ढिगात त्यांना भाताचा एक कुकर लागला. झालं! घरात आधी असेच लागलेले दोन कुकर होते, ते कोणी हिशेबात धरेना! त्यांची मिहिका सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, “मम्मी, इट्स जस्ट अ राइस कुकर!” पण पोरांचं ऐकतंय कोण? मग शेजारच्या गोदामातले यायला लागले. कोणाचा व्हिसा अडकलेला, कोणाची लायसन्सची परीक्षा. इकडून एक पाकीट पुढे करतोय, तिकडून एक हाताला धरून ओढतोय, “यल्ला काका, चला, यल्ला!” एकजण बायकोचा फोटो घेऊन आला हो! म्हणे मूल होत नाही, फोटोला हात लावा! मी म्हटलं, बाबा रे, तू इथं, ती तिथं, त्यात माझा हात काय करणार?

किळस यायची स्वतःच्याच हाताची. याच हातांनी मी एकेक पेटी अशी केलीय की जहाज बुडालं तरी आतली काच फुटायची नाही. त्याबद्दल कधी कोणी ‘वा’ म्हटलं नाही. आणि आता हाताला तेल लावून द्यायला माणूस!

तेही सोसलं असतं. पण कंटेनर रिकामा झाला आणि मी गेलो, “शेठ, माझा पासपोर्ट...” तर शेठ कसे हसले, दुकानदार उधारीवाल्याकडे बघून हसतो तसे. “काका, तुम्ही म्हणजे माझी लक्ष्मी. लक्ष्मीला कोणी कॅन्सल करतं का? पुढच्या कंटेनरनंतर बघू. इन्शाल्ला!”

यार्डातल्या त्या इन्शाल्लाचा अर्थ एकच, आता विसरा! पुढचा कंटेनर आला, गेला. परत इन्शाल्ला. खुर्ची दिली मला, गादीची, पंख्यासमोर. हातोडा काढून घेतला, बोटाला लागेल म्हणून! आणि मशीन मोडायचं सोडून कोपऱ्यात झाकून ठेवलं, रोज सकाळी पूजा केल्यासारखं माझ्याकडून एकदा दाबून घ्यायचे. दुसऱ्या कोणी त्याला शिवायचं नाही, काकांचं नशीब मळेल म्हणून ताकीद! तिकडे नर्मदाला फोन केला, ‘अजून थोडे दिवस’ म्हटलं, तर ती बापडी म्हणते, “तुमची खोली सारवून ठेवलीय. काय म्हणालात कळलं नाही, पण या.” रिसीव्हर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

मग मी शेठना म्हटलं, “आणि मी हरलो तर?” शेठ म्हणाले, “हरलात तर त्याच दिवशी पासपोर्ट हातात. पण तुम्ही हरणार नाही हो, काका!”

झालं, हरायला बसलो! आयुष्यात एवढ्या मनापासून काही केलं नाही. चांगले पत्ते आले की फेकून द्यायचे. तीन एक्के आले, पाचही पत्ते फेकले. बदल्यात काय आलं? राणी, राणी, राणी, राणी! डोळे मिटून दाबलं, वाजंत्री! डाव्या हाताने दाबलं, वाजंत्री! अंघोळ न करता बसलो, वाजंत्री! यार्डातली माणसं टाळ्या पिटतायत, शेठ म्हणतायत, “बघा, बघा, एक्के फेकले, काय ती छाती!” आणि मला रडू येतंय. सगळ्या जगात माणसं जिंकायला मरतात, आणि मी तिथं एका खोक्यापुढे हात जोडतोय, बाबा, एकदा हरू दे, मला घरी जायचंय! तर ते खोकं तुताऱ्या वाजवतंय! थू!

सुटका कोणी केली? हमदुल्लाने. आणि तीही नकळत. एका दुपारी मी त्या खुर्चीत मान खाली घालून बसलो होतो. तो माझ्यासाठी चहा घेऊन आला. चांगला माणूस. म्हणाला, “पी घे, नर्मदाभाभीसाठी मी दुआ करतो.” आणि ग्लास ठेवायला जागा नव्हती म्हणून ठेवला त्या मशीनवर, बटणांच्या ओळीवर. लाल बटण दोनदा दबलं. वाजंत्री! पाच पत्ते, सगळे इस्पिकचे! “अस्तग़फिरुल्ला!” ओरडत हमदुल्ला अंगावर विंचू पडल्यासारखा उडाला. शेठ धावत आले, वहिनी हिशेबाला आल्या होत्या त्याही आल्या. शेठनी हमदुल्लाकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत तोच उजेड! म्हणाले, “हमदुल्लाभाई, तुम्ही पण?”

हमदुल्लाची सुट्टी महिन्यावर आलेली हो! त्याचा चेहरा असा पडला... रडवेला होऊन म्हणतो, “शेठ, मी नाही, चहा होता!”

उर्मिलावहिनींनी कोपऱ्यातला झाडू उचलला, उलटा धरला आणि दांड्याने ते लाल बटण दाबलं. वाजंत्री. परत दाबलं. वाजंत्री. मग नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “आता झाडूलापण खुर्ची द्या. हापण नशीबवान आहे.”

आणि पुढे म्हणाल्या, “अहो, नमुन्याचं मशीन आहे हे. प्रदर्शनात ठेवत असतील, गिऱ्हाइकाला गोडी लागावी म्हणून जो दाबेल त्याला जिंकवायचं. म्हणून तर पैशाची फट बुजवलीय! एवढ्या दिवसांत दुसऱ्या कोणी एकदा दाबून बघितलं असतं, तर?”

बघणार कसं? ताकीद होती ना, काकांचं नशीब मळेल!

आणि पुढची गंमत ऐका, मला वाटलं शेठ शरमतील. छे! ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मी त्यांना बंद टीव्ही चालू म्हणून विकला. त्याच संध्याकाळी पासपोर्ट दिला. तोही असा, टेबलावरून सरकवून. “जा काका.” कायमचा जाणारा माणूस म्हटल्यावर आमच्या यार्डात बिर्याणी असते, घड्याळ देतात, कांबळं देतात, फोटो काढतात. मला काही नाही! गादीची खुर्ची दुसऱ्या दिवशी विकलीसुद्धा. माझं कार्टन कोणी बांधलं? हमदुल्लाने. त्यावर माझं नाव कोणी लिहिलं? हमदुल्लाने. तो पण आता जाईल घरी, झाडूच्या कृपेने.

आणि तुम्ही अबुधाबीत राहून ऐकलं काय? तर रास अल खोरचे काका नशीबवान! ते चार राजे अबुधाबीला पोचले, उम्म अल कुवैनला पोचले, आणि झाडू? झाडू यार्डाच्या फाटकाबाहेरसुद्धा पडला नाही! खोटं टॅक्सी करून जातं हो, आणि खरं बसची वाट बघत उभं!

आता कळलं? ठेवा ते कुपन खिशात. ...अजून हात पुढेच? पोरी, एवढं सगळं ऐकलंस ना? मग अशी बघू नकोस माझ्याकडे. माझी मुलगी अशीच बघायची, फोटोतून. काय म्हणालीस? “झाडूचं खरं असेल काका, पण हात लावायला काय जातं?”

...काय जातं!

ते बघा, विमान लागलं, मुंबईचंच आहे. उद्या संध्याकाळपर्यंत देवरूख. समोर बसेन, सावकाश ओठ हलवीन, आणि म्हणेन, “बरी आहेस ना?” इतक्या दिवसांनी तिला कळेल मी काय विचारतोय ते.

आण. आण ते कुपन इकडे. हा घे, लावला हात. झालं समाधान? पण पोरी, एक शपथ घे. चुकूनमाकून ती मोटार लागली ना, तर मी हात लावला होता हे कोणाला सांगू नकोस... सतीशशेठच्या कानावर गेलं, तर तो देवरूखला माणूस पाठवील!