होड्यांच्या खेळाचा भाव

(दुपार. जेवणाच्या टेबलावर रंगीत कागदात गुंडाळलेली चौकोनी पेटी. एका बाजूला निवृत्त शिंपी असलेले सासरे, दुसऱ्या बाजूला औषधांच्या दुकानात काम करणारी त्यांची सून.)

सून: उघडा की बाबा. मघापासून नुसता कागद कुरवाळताय.

सासरे: कागद झकास आहे. असा कागद फाडायला हात धजत नाही.

सून: कागद आमच्या दुकानातला आहे, फुकटचा. फाडा.

सासरे: फाडतो गं. वाढदिवस माझा, पेटी माझी, पळून कुठे जाते. त्याआधी तुला एका गृहस्थाची गोष्ट सांगतो.

सून: मगरीचं माप घेतलं होतंत ती?

सासरे: ती नव्हे. ही खरी आहे.

सून: म्हणजे नवीनच प्रकार. सांगा.

सासरे: एक होता गृहस्थ. धंद्याने शिंपी.

सून: तुमच्यासारखा.

सासरे: दिसायला माझ्याहून जरा डावा. तर त्याला पटावरच्या खेळांचा नाद. आजचा नव्हे, मोठ्या माणसाने खेळाची पेटी मागितली, तर दुकानदार ‘मुलगा की मुलगी’ असं विचारायचा, तेव्हापासूनचा. अख्ख्या शहरात असलं एक दुकान, दुकानात एक फळी, फळीवर सात पेट्या. त्यातली एक गृहस्थाने घरी आणली, होड्यांच्या खेळाची. दोन शर्टांच्या शिलाईत.

सून: पैशांत सांगा ना.

सासरे: पैसे दरवर्षी बदलतात. शर्टाला बाह्या दोनच. तर वीस वर्षं गृहस्थ त्या होड्या हाकत बसला. बायको म्हणायची, म्हातारपणी लोक नातवंडं खेळवतात, हा लाकडाचे तुकडे खेळवतो. मुलगा मित्रांना सांगायचा, बाबा आत आहेत, त्यांच्या आरमाराबरोबर. गृहस्थ सगळं गिळायचा. आणि एके दिवशी काय झालं कुणास ठाऊक, अख्ख्या जगाला खेळांचे डोहाळे लागले. फळीचं कपाट झालं, कपाटाचा मजला झाला. कॉफी प्यायच्या जागी तासाचे पैसे भरून लोक सोंगट्या हलवायला लागले. आणि भाव चढले, असे चढले, की दुकानदार किंमत सांगायच्या आधी गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायचा.

सून: का पण चढले?

सासरे: गृहस्थानेही हेच विचारलं. दुकानदार म्हणे पुठ्ठा महागला, लाकूड महागलं, जहाजाचं भाडं तिप्पट झालं. गृहस्थाला ते पटलं. पण पेटी उघडून बघावी तर आत पुठ्ठा चवीपुरता, बाकी सगळे प्लॅस्टिकचे राक्षस. एक पेटी तर त्याने अशी पाहिली, की ती जिन्यावरून चढवायला दोघं लागले, नियम वाचायला तिघं, आणि खेळायला कोणी शिल्लकच राहिलं नाही. वर पत्ते मळू नयेत म्हणून पत्त्यांना कपडे. पारदर्शक, एका पत्त्याला एक. ज्याने उभा जन्म माणसांचे कपडे शिवण्यात घालवला, त्याला हे कुणी आधी सांगायला नको का, की खरा पैसा पत्त्यांच्या कपड्यात आहे?

सून: गृहस्थाने ते दोनशे कपडे विकत घेतले. तुमच्या कपाटात आहेत.

सासरे: चारशे. आता बोलू दे. तर गृहस्थाचा एक मित्र होता, चष्म्यांचं दुकान असलेला, म्हणून चष्मेवाला. त्याच्याकडेही तोच होड्यांचा खेळ. आणि तो खेळ काढणारी कंपनी बुडाली, म्हणजे नवीन पेटी निघणं बंद. जुन्या पेट्या विकायला-घ्यायला इंटरनेटवर एक बाजार असतो. तिथे कुणी आपलं नाव सांगत नाही, सगळे टोपणनावांनी हिंडतात. कुठली पेटी केवढ्याला गेली त्याची तिथे एक रेघ निघते, तापाच्या तक्त्यावर असते तशी. होड्यांच्या खेळाची रेघ जमिनीवर लोळत होती. चष्मेवाला म्हणाला, ही उठवली पाहिजे. घरचे आपल्याला हसतात, एकदा त्यांना कळू दे की कपाटात खेळ नाही, ठेव आहे. मग त्याने आपली पेटी बाजारात मांडली एका पँटच्या भावाने, आणि गृहस्थाने ती घेतली.

सून: म्हणजे घेतली नाही.

सासरे: कुठली घेतोय. पेटी चष्मेवाल्याच्या घरी, पैसे गृहस्थाच्या खिशात, बाजारात मात्र नोंद झाली, ‘गेली’. पुढच्या महिन्यात गृहस्थाने मांडली, कोटाच्या भावाने. चष्मेवाल्याने ‘घेतली’. मग सूट. मग आत जाकीट घातलेला सूट. सहा महिन्यांत रेघ अशी ताठ उभी राहिली, की चष्मेवाल्याला ती चष्म्याशिवाय दिसायला लागली.

सून: याला लबाडी म्हणतात, बाबा.

सासरे: दोन म्हाताऱ्यांचा पोरखेळ म्हणून चालू होतं ते. पण एका सकाळी तिथल्या एका बाजारतज्ज्ञाने भलामोठा लेख लिहिला. होड्यांच्या खेळाला जाणकारांची पसंती, मागणी वाढती, ज्यांच्याकडे असेल त्यांनी आत्ता विकू नये. गृहस्थ धावत चष्मेवाल्याकडे गेला. म्हणाला, वाचलंस का, विकू नको म्हणतोय. चष्मेवाला म्हणाला, मी तर म्हणतो आणखी एखादी मिळाली तर घेऊन टाकू. जाणकार कोण, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपणच सोडलेली थाप, पण छापून आली की माणूस तिच्यापुढे हात जोडतो. गृहस्थाने त्या रात्री पेटी कपाटातून काढली, ती रात्री उशाला आणि दिवसा पलंगाखाली.

सून: आणि मग विकली.

सासरे: मग एक खरंच गिऱ्हाईक आलं. ‘घाईत आहे’ नावाचं. घासाघीस नाही, चौकशी नाही. नवरदेवाच्या अख्ख्या पोशाखाचा भाव, बुटांसकट. गृहस्थाने पेटी बांधून कुरिअरवाल्याकडे टाकली आणि घरी येईपर्यंत शीळ घातली. जगात मूर्खांची कमी नाही, असं तो चष्मेवाल्याला तीनदा म्हणाला.

सून: तीनदा?

सासरे: चारदा असेल.

सून: आता त्या घाईत असलेल्या बाईची गोष्ट मी सांगू?

सासरे: बाई होती होय ती?

सून: बाबा.

सासरे: सांग.

सून: बाई एका औषधांच्या दुकानात होती. लग्न होऊन नव्या घरात आली तेव्हा नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. घरात बोलायला कोणी नाही. तिचा सासरा रोज दुपारी दुकान तासभर बंद करायचा आणि टेबलावर होड्या मांडायचा. एकदा एक होडी हरवली, तर त्याने कोटाचं बटण ठेवलं तिच्या जागी, आणि ही बटणाची होडीच जोरात पळते असं शपथेवर सांगायचा. ती बाई त्या टेबलावर पहिल्यांदा हसली त्या घरात. नंतर कामाला लागली, दुपारी घरी राहीना, खेळ राहून गेला. यंदा नवऱ्याचं काम निम्म्यावर आलं, पगारही. घर बदलावं का, स्वस्तातलं बघावं का, असं दोघं खोलीत बोलायचे. भिंती पातळ. आणि एक दिवस तिला कपाटात पेटीची जागा रिकामी दिसली.

सासरे: गृहस्थाने सांगितलं होतं, चष्मेवाल्याला खेळायला दिली म्हणून.

सून: तोंड बघूनच कळलं, खोटं आहे. तिने ताडलं, बाबांनी आपलं बोलणं ऐकलं आणि घरासाठी पेटी विकली. ती दुकानात गोळ्या मोजता मोजता रडली. नवऱ्याला सांगितलं, आईला फोन करून सांगितलं.

सासरे: तरीच. चिरंजीव हल्ली मला पंख्याखालची खुर्ची सोडून देतो. तुझी आई परवा फोनवर मला देवमाणूस म्हणाली. मी म्हटलं, बाईंची तब्येत बरी दिसत नाही.

सून: मग बाईने ठरवलं, वाढदिवसाला तोच खेळ द्यायचा, कुठूनही. नवा दात बसवायला साठवलेले पैसे होते, ते दिले. पेटी मैत्रिणीच्या पत्त्यावर आली. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यात बांधलेली. खोक्यावर लाल पेनने लिहिलेला आकडा, तिच्याच हातचा. तिनेच ते रिकामं खोकं महिन्यापूर्वी घरी आणलं होतं.

सासरे: खोकं चांगलं मजबूत होतं.

सून: नऊ दिवस झाले, बाबा. आत बटण आहे, ते मी त्याच दिवशी बघितलं.

सासरे: नऊ दिवस बोलली नाहीस.

सून: वाट बघत होते. म्हटलं, विकली ती आमच्यासाठीच विकली असेल, आता बाबा पैसे टेबलावर ठेवतील. रोज घरी आले की आधी टेबल बघायचे. त्या टेबलावर नऊ दिवस वर्तमानपत्र होतं.

सासरे: हं.

सून: पैसे कुठे आहेत?

सासरे: एका खेळात.

सून: कुठल्या? कपाटात तर नवीन काही दिसत नाही.

सासरे: अजून निघायचा आहे तो. हल्ली तशीच रीत आहे, आज पैसे भरायचे, पेटी चौदा महिन्यांनी. धातूची नाणी, एकशे दहा राक्षस. परत मागता येत नाहीत, छापून देतात तसं. पण ऐक, रांगेतल्या आपल्या जागेलाही गिऱ्हाईक असतं. चष्मेवाला आत्ताच सव्वापट द्यायला तयार आहे. ती जागा विकायची, नफ्यासकट सगळं तुमच्या हातात ठेवायचं...

सून: म्हणजे त्यासाठीच भरलेत ना? घरासाठीच?

सासरे: कागद खरंच झकास आहे.

सून: बोला ना. एवढंच ‘हो’ म्हणा. मी धरीन ते खरं.

सासरे: नाही.

सून: नाही?

सासरे: ते आत्ता सुचलं. तुझ्यासमोर, तू दात म्हणालीस तेव्हा. भरताना घर-बिर काही डोक्यात नव्हतं. भिंतीपलीकडचं ऐकलंही नव्हतं मी, मला कुठे तेवढं ऐकू येतं. वीस वर्षं सगळे हसले, आणि रेघ वर गेली तेव्हा वाटलं, आपण बेरकी माणूस आहोत. बेरकी माणूस थांबत नाही, आणखी मोठी पेटी घेतो. एवढंच.

सून: आणि हा खेळ विकताना काही वाटलं नाही? दुपारी खेळायचो ते?

सासरे: पेटी बांधताना बटण हातात आलं होतं. काढून ठेवावं वाटलं. मग म्हटलं, एक सोंगटी कमी निघाली तर भाव उतरेल.

सून: हे सांगितलं नसतंत तरी चाललं असतं.

सासरे: चाललं असतं. मग पंख्याखालची खुर्चीही राहिली असती.

सून: चष्मेवाल्यांना खरंच सव्वापट पैसे द्यायचे आहेत, की तीही तुमची ती रेघच?

सासरे: ती रेघच. त्याच्याकडे चहाचे पैसे नसतात.

सून: मग ऐका. तुमच्या मुलाला हे तुम्ही सांगायचं. मी नाही. गृहस्थ वगैरे नाही, सरळ ‘मी’ म्हणून. माझ्या आईलाही.

सासरे: तिला पत्राने कळवलं तर?

सून: फोनवर. आणि आमच्या दुकानात नवे पांढरे कोट आलेत, बारा. सगळ्यांच्या बाह्या लांब, एकालाही बसत नाहीत. मालक बाहेर शिवायला टाकणार होते, मी थांबवलंय. मशीनचं झाकण काढा.

सासरे: बारा कोट. म्हणजे बाह्या चोवीस. त्यात तुझा अर्धा दातही होणार नाही.

सून: मग शाळा सुरू झाली की गणवेश येतील.

सासरे: डोळ्यांना दोरा दिसत नाही आता.

सून: चष्मेवाला मित्र आहे ना.

सासरे: आता काय करायचं, ही उघडू का?

सून: उघडा. मांडा. पण मी आज तुमच्याशी बोलणार नाही.

सासरे: मग खेळणार कशी? दर वेळी पत्ता काढून वारा कुठला ते मोठ्याने सांगावं लागतं. नियमच आहे तो.

सून: तेवढंच बोलेन.

सासरे: बरं. निळ्या तुझ्या, तांबड्या माझ्या. बटण... बटण तू घे. काढ पत्ता. कुठला वारा?

सून: पूर्वेचा. तुमची होडी सुटली. माझी थांबलीय अजून.