आबाजीच्या विरहगीतातली 'ती'

साठ वर्षांआधी रेडिओवर गाजलेलं माह्या आबाजीचं विरहाचं गाणं तुमी आयकलं नसन, तं तुमी आमच्या रिठद गावच्या लग्नालेच आले नाही! अजूनबी पोरगी सासरी निघाली का बँडवाले तेच वाजवतेत, अन् आमची आजी लाजून तोंडाले पदर लावते.

परवा मी मोबाइलवर शूटिंग कराले बसलो. म्हटलं, "आबाजी, आता सांगूनच टाका. हे गाणं कोणासाठी लिहिलं?"

आबाजी बिनधास्त म्हणे, "म्हशीसाठी. बापानं शेलूबाजारात विकली होती. तीन दिवस जेवलो नाही मी."

आजीनं त्याच्या हातातला चहाच वापस घेतला. "मी दोनदा रुसून माहेरी गेली, तवा या माणसाले एक ओळ सुचली नाही!"

आबाजी म्हणे, "अवं, तू तं दोन्ही खेपेले आपल्याच पायानं वापस आली. गाणं कायले लिहू?"