धाकटीच्या डबीतली बटणं

धाकटी : खरं सांग ताई, माझ्या डबीत एकशे तेरा बटणं कुठून आली?

ताई : मला काय विचारतेस? तुझी डबी, तुझं मन. पळालं असेल एकशे तेरा वेळा.

धाकटी : एका आठवड्यात? माझं? गेल्या आठवड्यात चार निघाली होती.

ताई : हो, चार! त्या चार बटणांचं कौतुक अख्ख्या गल्लीला पाठ आहे. बँकवाल्या काकांच्या पँटचं माप घेता घेता बाबा सांगत होते, ‘आमची धाकटी जपाला बसली की पापणीसुद्धा हलत नाही.’ कंबर छत्तीस, आणि आमची धाकटी!

धाकटी : आणि तुझ्याबद्दल काय म्हणाले?

ताई : काही नाही. काकाच म्हणाले, ‘थोरली तशी बडबडी, नाही का?’ आणि बाबा हसले. नुसते हसले! ‘नाही हो’ एवढे दोन शब्द जड झाले त्यांना.

धाकटी : अगं, बडबडी तर तू आहेसच.

ताई : तोंडाने आहे. जपात बोलते का मी? वीस मिनिटं माळ ओढायची, मन भटकलं की वाटीतलं एक बटण उचलून डबीत टाकायचं आणि पुन्हा नामावर यायचं. शिंप्याच्या घरात मन मोजायलासुद्धा शर्टाची बटणंच मिळणार! तुझ्या बाजूला सगळं चिडीचूप, आणि माझं आपलं टक, टक, टक. गारा पडल्यासारखं.

धाकटी : एवढं काय येतं गं तुझ्या मनात?

ताई : काय येत नाही ते विचार. डोळे मिटले की गणिताची चाचणी हजर. तिला घालवली की वर्गातल्या लांब वेणीवालीची नवी सायकल. ती घालवली की तू येतेस.

धाकटी : मी?

ताई : तूच! शेजारी बसलेली, शहाणी, शांत, देवघरातल्या मूर्तीसारखी. माझी निम्मी बटणं तर तुझ्याच नावावर आहेत.

धाकटी : म्हणून माझ्या डबीत ओतलीस?

ताई : सगळी नाही ओतली. पाच ठेवली माझ्यात. अगदीच रिकामी दिसली असती तर बाबांना संशय आला असता.

धाकटी : अगं पण का?

ताई : का काय का! बाबा म्हणाले नव्हते, ‘रविवारी दोन्ही डब्या बघेन आणि एकीला पहाटे माझ्याशेजारी जपाला बसायला घेईन’? दुकानात मशीन आणि कापायचं टेबल यांच्या मधे एकाच आसनाची जागा आहे. एकाच! मला ती हवी होती. सहा वर्षांची होते तेव्हापासून दाराच्या फटीतून बघतेय मी, बाबा एकटे बसलेले असतात ते. आणि आज सकाळी डब्या उघडल्या, तर बोट कुणाकडे? तुझ्याकडे! चार निघाली तरी तू, एकशे तेरा निघाली तरी तू. मग कशाला हव्यात डब्या? सरळ पाटी लावा ना, ‘लाडकी’ म्हणून.

धाकटी : मला तर वाटलं, आता ओरडा बसणार. पण त्यांनी डबी हलवून बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ताई : बघितलं मी. माझ्यासाठी नाही आलं कधी.

धाकटी : ताई, एक सांगू? मारणार नाहीस ना?

ताई : बोल.

धाकटी : मी झोपते.

ताई : कधी?

धाकटी : जपाला. बसल्या बसल्या. पाच-सहा मणी होतात, मग एकदम तुझा हात लागतो, ‘ऊठ, झालं.’

ताई : काय! आणि म्हणे पापणी हलत नाही! कशी हलेल? घोरत कशी नाहीस गं?

धाकटी : घोरते थोडी. तुझ्या बटणांच्या आवाजात कळत नसेल.

ताई : म्हणजे मी वर्षभर एका झोपलेल्या मुलीवर जळत होते? हे बघ, हसू नकोस! हसलीस तर खरंच मारीन!

(बाबा गळ्यात टेप अडकवून आत येतात.)

बाबा : कसला दंगा चाललाय? धाकटे, उद्या पाचला उठायचं हं. आसन टाकून ठेवलंय तुझं.

धाकटी : बाबा, ती बटणं आहेत ना, ती...

ताई : थांब, मी सांगते. बाबा, ती माझी होती. एकशे दहा. मी तिच्या डबीत ओतली.

बाबा : का?

ताई : तिची जास्त दिसली की तुम्ही मला घ्याल, म्हणून.

बाबा : अरे देवा! आणि मला वाटलं, ही एकदाची जागी झाली.

धाकटी : तुम्हाला माहीत होतं मी झोपते ते?

बाबा : बाप आहे मी तुझा. लोकांसमोर झाकून नेतो, एवढंच. आणि थोरले, तुझी पाच बघून आज मला चहा गोड लागला नाही. म्हटलं, पोरीने प्रयत्न सोडला.

ताई : पाच म्हणजे चांगलं ना?

बाबा : मन पळायचं तेव्हा पळणारच. पण पळालं हे जिला कळतं, जी त्याचा कान धरून परत आणते, तिच्याच डबीत बटण पडतं. एकशे दहा वेळा परत आणलंस तू त्याला?

ताई : एकशे पंधरा. ती पाच धरून.

बाबा : मी पहिल्यांदा बसायला लागलो, तेव्हा पंधरा दिवसांत माळ खुंटीला टांगली होती.

धाकटी : मग झालं तर! जागा ताईची. मी आतल्या खोलीतच बरी.

बाबा : आतल्या खोलीत म्हणजे गादीतच की. नाही, उद्यापासून तूच माझ्याशेजारी. पेंगलीस की कोपराने ढोसायला बरी पडशील.

ताई : म्हणजे? बटणं माझी आणि जागा तिची?

बाबा : बटणं तुझी, म्हणूनच जागा तिची. शिवण उसवली असेल तिथेच टाका घालतात ना? तू एकटी बसतेस, एकटी मनाशी झगडतेस, एकटी त्याला वळवून आणतेस. तुला शेजारी कुणी लागत नाही.

ताई : लागतं, बाबा.