दोन काठांचं दुकान

पांढुर्णा अन् सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीच्या सणाच्या संध्याकाळी पांढुर्ण्याच्या दवाखान्यात रांग होती. औषधासाठी रांगेत उभ्या यमुनेच्या पुढे संत्र्याचे एक व्यापारी अन् नागपूरला मॅनेजमेंट शिकणारा त्यांचा मुलगा.

"बाबा, केस स्टडी म्हणून वर्गात आपलंच दुकान मांडलं."

"मंग?"

"सगळे म्हणाले, तुमची अन् वामनकाकाची भागीदारी मोडा."

"काहून?"

"तुम्ही पांढुर्ण्याकडून अन् वामनकाका सावरगावकडून एकमेकांले गोटे मारता, हे सांगतलं ना मी."

"ते तं गोटमारीत! दुकानात काहून मारू?"

"सरांले तेच समजून नाही राहिलं."

"अन् तुले?"

"मलेबी नाही. आज काकाचं डोकं कोणं फोडलं?"

"मीनं."

"मंग त्यांच्यासाठी रांगेत तुम्हीच काहून?"

"तो उभा नाही राहू शकत ना!"

मागच्या बाकावरून, डोक्याला दुपट्टा आवळलेला माणूस ओरडला, "अरे, दुकानाची किल्ली हाय ना तुह्याजवळ? नदीत तं नाही पाडली?"